मदत हवी आहे: लग्नाच्या दिवशी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं पटापट रिकामी करण्यासाठी कुठला कार्ड रीडर घ्यावा?

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला लग्नाची फोटोग्राफी करतो, सोबत एक सहकारी असतो. माझ्याकडे कॅनन आर६ मार्क टू आहे, दोन्ही स्लॉट एसडीचे. त्याच्याकडे निकॉन झेड६ टू, म्हणजे एक सीएफएक्सप्रेस टाइप बी (एसडीपेक्षा बरंच वेगवान कार्ड) आणि एक एसडी.

यंदाच्या सीझनला जवळपास प्रत्येक घरून एकच मागणी येते आहे: सकाळच्या लग्नाचे फोटो संध्याकाळी रिसेप्शनला एलईडी वॉलवर दिसले पाहिजेत. मुहूर्त, कन्यादान, सप्तपदी, पंगती उरकेपर्यंत तीन वाजतात आणि सातला पाहुणे स्टेजवर यायला लागतात. तेवढ्यात कार्डं लॅपटॉपवर उतरवायची, फोटो निवडायचे, रंग जुळवायचे. मुलीच्या आईवडिलांना स्वतःच्या मुलीचं लग्न धावपळीत धड बघताही आलेलं नसतं. संध्याकाळी ते त्या पडद्यासमोर उभे राहतात तेव्हा हे काम नीट व्हायलाच हवं असं मनापासून वाटतं.

अडचण कार्ड उतरवण्यात आहे. माझी एसडी कार्डं यूएचएस-टू (एसडीतला वेगवान प्रकार) आहेत, वर ३०० एमबी प्रति सेकंद लिहिलंय. लॅपटॉपवर कॉपी लावली की आकडा ८५ ते ९० च्या पुढे सरकत नाही. ६४ जीबीचं भरलेलं कार्ड म्हणजे बारा मिनिटं, आणि अशी कार्डं बरीच असतात. शिवाय सध्याचा रीडर तापला की कॉपी अर्धवट सोडून गायब होतो. काढून परत लावला की पुन्हा दिसतो.

लॅपटॉप विंडोजचा आहे. यूएसबी ५ जीबीपीएसचे दोन साधे पोर्ट आणि १० जीबीपीएसचा एक टाइप-सी. कॉपी थेट पोर्टेबल हार्ड डिस्कवर करतो.

एसडी आणि सीएफएक्सप्रेस दोन्ही घेणारा एकच रीडर बरा की दोन वेगळे? वेग नक्की कुठे अडतोय? दोन्ही मिळून सहा-सात हजारांपर्यंत जायची तयारी आहे.

प्रतिसाद १

दादा, तुमच्या ८५-९० या आकड्यातच बरंचसं उत्तर आहे. यूएचएस-वनची, म्हणजे आधीच्या संथ प्रकाराची, मर्यादा सेकंदाला १०४ एमबी, प्रत्यक्षात नव्वदच्या आसपास मिळतात. यूएचएस-टूची मर्यादा ३१२. यूएचएस-टू कार्डाच्या पाठीमागे सोनेरी पट्ट्यांच्या दोन ओळी असतात आणि रीडरमध्येही दुसऱ्या ओळीसाठी पिना लागतात. मोबाइलचा टॉर्च लावून रीडरच्या स्लॉटमध्ये बघा. पिनांची एकच ओळ दिसली तर तो यूएचएस-वन आहे, कार्ड कितीही भारी घातलंत तरी.

पण रीडर बदलून लगेच तिप्पट वेग मिळेल असं समजू नका. फिरत्या तबकडीची पोर्टेबल डिस्क लिहिताना साधारण १०० ते १३० वर थांबते. आधी लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर (तबकडी नसलेली वेगवान डिस्क) उतरवा, तिथूनच फोटो निवडायला घ्या आणि डिस्कवरची प्रत मागे चालू द्या. मग ६४ जीबीला चार-पाच मिनिटं पुरतील.

रीडर दोन वेगळेच घ्या, यावर मी ठाम आहे. एकत्र रीडरमध्ये दोन्ही कार्डं एकाच केबलमधून जातात, आणि ऐन लग्नात तो बंद पडला तर दोघांचंही काम अडतं. एसडीचा रीडर ५ जीबीपीएसच्या पोर्टला भरपूर झाला. सीएफएक्सप्रेसचा मात्र १० जीबीपीएसचा घ्या आणि टाइप-सीलाच लावा. तिथे सेकंदाला हजार एमबीच्या जवळपास जाता येतं, साध्या पोर्टला चारशे-साडेचारशेवर अडकाल. तो अ‍ॅल्युमिनियमच्या बॉडीचा बघा, ही कार्डं चांगलीच तापतात. जुन्या बाजारात एक्सक्यूडीचा (सीएफएक्सप्रेसच्या आधीचं कार्ड) रीडर स्वस्तात मिळतो. कार्डाचा आकार तोच असल्यामुळे फसगत होते, पण त्यात सीएफएक्सप्रेस चालेलच असं नाही.

केबल रीडरसोबत आलेलीच वापरा. मोबाइल चार्जिंगच्या बऱ्याचशा टाइप-सी केबली आतून यूएसबी २.० असतात, त्यावर ३५-४० च्या वर काही मिळत नाही.

दुकानदार व्ही६०, व्ही९० दाखवून महाग कार्ड गळ्यात मारतात. तो आकडा कॅमेऱ्यात सलग लिहिण्याच्या किमान वेगाचा असतो, मुख्यतः व्हिडिओसाठी. लॅपटॉपवर उतरवण्याशी त्याचा संबंध नाही.

प्रतिसाद २

मीही लग्नंच करते, पुण्यात. रीडरबद्दल वरच्या दादांशी सहमत. पण एलईडी वॉलसाठी रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, मोठी फाइल) उतरवायची गरजच काय? त्या भिंतीचं रिझोल्यूशन इतकं कमी असतं की लहान जेपेगही पुरून उरतो. तुमच्या दोन्ही कॅमेऱ्यांत एका कार्डावर रॉ आणि दुसऱ्यावर जेपेग अशी सोय आहे. दुपारी फक्त जेपेगचं कार्ड उतरवा.

आणि फाइली कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. रीडरमध्ये घालण्याआधी एसडीच्या बाजूचं छोटं लॉक खाली सरकवा, म्हणजे लॅपटॉपकडून कार्डावर काही लिहिलं जाणार नाही. कॉपी अर्धवट सोडणारा तो रीडर आजच बाजूला ठेवा. टेराकॉपीसारखं सॉफ्टवेअर कॉपीनंतर फाइल ताडून बघतं, ते लावा. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टॉर्च लावून बघितलं, पिनांची एकच ओळ आहे. दोन रीडर आणि आधी एसएसडीवर उतरवायचं, हे पक्कं.

ताई, जेपेगची कल्पना आवडली, पण सध्या दोन्ही कार्डांवर रॉची तीच प्रत ठेवतो. एखादं कार्ड गेलं तर मंगलाष्टकं पुन्हा म्हणता येणार नाहीत, त्यामुळे ती सोडवत नाही.

प्रतिसाद २

बरोबर आहे, ती सोडूच नका. दोन्ही कार्डांवर रॉ अधिक लहान जेपेग असं लावा. कार्डात थोडी जागा जास्त जाईल. कॉपी करताना फोल्डर फाइलच्या प्रकाराप्रमाणे लावून घ्या, सगळे जेपेग एकत्र येतील. ते आधी उतरवा आणि निवडायला बसा. रॉ रिसेप्शन चालू असताना मागे उतरत राहतील.