प्रतिसाद: लाँग घेऊनही ओव्हरफ्लो का?

व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक ६ ही प्रोग्रॅमिंग भाषा) मध्ये उत्तर साठवणारं व्हेरिएबल लाँग, म्हणजे ३२ बिटांच्या पूर्णांकाचं आहे, तरी २०० * ३६५ ला 'एरर ६, ओव्हरफ्लो' (आकडा मावत नाही) येतो म्हणता, तर दोष व्हेरिएबलचा नाहीच. व्हीबी ६ आधी उजवी बाजू सोडवतं. तिथले दोन्ही आकडे त्याच्या लेखी इंटिजर, म्हणजे १६ बिटांचे पूर्णांक, मर्यादा ३२,७६७. उत्तर ७३,०००. लाँगपर्यंत पोचायच्या आधीच गाडी घसरते! २०० ला चिकटून & लावा (२००&), म्हणजे तो लाँग धरला जातो; काम झालं. मीही यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

वर कुणीतरी 'ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट' (एरर आली तरी पुढच्या ओळीवर जा) सुचवलंय. कृपया नको. एरर दिसणार नाही, पण उत्तर गुपचूप चुकेल. २००२ च्या व्हीबी डॉटनेटपासून (व्हीबी ६ नंतरची आवृत्ती) इंटिजर ३२ बिटांचा झाला, त्यामुळे तिकडे हाच हिशोब बिनबोभाट चालतो.