फूटपाथ आहे, तरी लोक म्हणतात ‘चालता येत नाही’. विचारायचं कसं, मोजायचं काय?

पायवाट: पुण्यात कोथरूडमधला एक मुख्य रस्ता आणि आतल्या सहा गल्ल्या, इथे चालणं किती सोयीचं आहे याचा सर्व्हे करायचाय. ‘तुमच्या भागात चालणं सोयीचं आहे का?’ एवढंच विचारलं तर निम्मे हो म्हणणार, निम्मे नाही. महापालिकेच्या पथ विभागापुढे ठेवायला हाती काहीच नाही. फूटपाथ कागदावर 2 मीटर आहे. प्रश्न कसे असावेत?

टेपवाला: आधी टेप. कडेपासून कडेपर्यंत नाही, पायाला मिळते ती रुंदी. आयआरसी 103 मध्ये (इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सोयींची मार्गदर्शिका) किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी आणि डोक्यावर 2.2 मीटर सांगितलेत. तुमच्या 2 मीटरमधून झाडाचं आळं, विजेच्या डीपीची पेटी आणि दुकानाची पायरी वजा करा. दर 50 मीटरच्या तुकड्यातली सर्वांत अरुंद जागा लिहा. सरासरी बिलकुल नको: व्हीलचेअरला 90 सेंटिमीटर लागतात, एका ठिकाणी 70 असतील तर बाकीचा तुकडा कितीही ऐसपैस असून फुकट.

मग कर्बची, म्हणजे फूटपाथच्या कडेच्या दगडाची उंची. 15 सेंटिमीटरच्या वर गेली की गुडघेदुखीवाला खालूनच चालतो. त्यात प्रत्येक सोसायटीच्या गेटला फूटपाथ खाली येतो. पाच गेटं म्हणजे पाचदा उतरा, पाचदा चढा. ‘लोक फूटपाथ वापरतच नाहीत’ हे शेरे इथूनच येतात. खरं तर गेटपाशी फूटपाथ सपाट ठेवून गाडीने चढायला हवं.

चौथा_मजला: किराणा, बसथांबा, बाग, दवाखाना चालत किती मिनिटांवर? 1 ते 5, 6 ते 10, 11 ते 20, 21 ते 30, त्याहून जास्त. हे गट ‘न्यूज’ या अमेरिकी प्रश्नावलीतले. बाकीची तशीच उचलू नका. ‘रस्त्यांना फूटपाथ आहेत’ याला आपल्याकडे सगळे हो म्हणतील, त्यावर बाइक लावलेल्या असल्या तरी. त्यापेक्षा: ‘गेल्या सात दिवसांत कुठे फूटपाथवरून खाली उतरावं लागलं? कशामुळे?’ नकाशाची झेरॉक्स पुढे ठेवा, फुली मारू द्या.

वय, बाई की पुरुष, घरात दुचाकी, चालायची वेळ हे हवंच. रात्रीचा प्रश्न वेगळा ठेवा. दिवा चालू असतो, पण फांदीआड, खाली अंधार. आणि हातगाडीला आपोआप ‘अडथळा’ म्हणू नका. ती हटवा म्हणणारे काका आणि ती आहे म्हणून नऊनंतर त्या बाजूने येणारी मुलगी एकाच जिन्यातले निघतात. दोन्ही उत्तरं लिहा.

नुसता व्हॉट्सॲपवर फॉर्म फिरवलात तर आजी, घरकामाच्या मावशी, वॉचमन गळणार. सगळ्यात जास्त चालतात तेच. मावशींना सकाळी गेटवर गाठा.

लालदिवा: चौक विसरू नका. 14 मीटर रस्ता 1.2 मीटर प्रतिसेकंद वेगाने ओलांडायला सुमारे 12 सेकंद, म्हाताऱ्या माणसाच्या 0.8 च्या चालीने साडेसतरा. हिरवा किती सेकंद राहतो ते मोबाइलवर मोजा. ‘चौकाची भीती वाटते’ या उत्तराशेजारी तो आकडा लिहा.

पायवाट: फुल्या बाइकवरच जास्त पडणार. बोलार्ड (गाड्या अडवायचे बुटके खांब) मागावेत का?

टेपवाला: दोन बोलार्डमध्ये व्हीलचेअरपुरती 90 सेंटिमीटर जागा सोडावीच लागते, आणि स्कूटरचं हँडल असतं 70 च्या आसपास. आरामात घुसते. आधी बाइक चढतात कुठून ते बघा. बहुतेक गेटच्या उतारावरूनच.