निवासी संस्था निवडताना दिवस नाही, रात्र बघा

ठाणेकर_बाबा
मुलगा २४ वर्षांचा. बौद्धिक दिव्यांगत्व, सोबत फिट्स. आम्ही नवरा-बायको साठीकडे झुकलोय, त्यामुळे 'आपल्यामागे याचं कोण' हा विषय आता रोज निघतो. ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यातल्या निवासी संस्था बघतो आहे. जिथे जावं तिथे तीच चक्कर: कागदी पिशव्या, पणत्या, राख्या, फिजिओथेरपीची खोली, भिंतीवर पाहुण्यांच्या हस्ते काहीतरी वाटतानाचे फोटो.

हे सगळं सकाळी दहा ते संध्याकाळी पाचचं झालं. संस्थेचा कस लागतो तो रात्री. मजल्यावर माणसं किती असतात? ती जागी असतात की मुलांच्याच खोलीत गादी टाकून झोपतात? फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली तर काय करायचं हे त्या माणसाला माहीत आहे का? नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे कुठे असतो? एका ठिकाणी कळलं की औषधांचं कपाट ऑफिसात, आणि किल्ली अधीक्षकांसोबत घरी जाते. त्या संस्थेची इमारत मात्र बघत राहावी अशी.

म्हणून माझी अट आहे: रात्री आठनंतर न कळवता आलेल्या पालकाला आत सोडलं पाहिजे. जी संस्था नाही म्हणेल तिच्यावर काट. पटतंय का?

सईची_आई
अजिबात नाही. माझी मुलगी ३१ वर्षांची आहे, काही वर्षांपासून संस्थेत राहते. रात्री नऊला बायकांच्या मजल्यावर कुणी अनोळखी बाबा 'बघायला आलोय' म्हणून फिरताना दिसला, तर मी दुसऱ्या दिवशी तिला घरी आणेन. ती जागा तिथल्या लोकांचं घर आहे हो. तुमच्याकडे रात्री असं कुणी आलं तर चालेल?

जी संस्था तुम्हाला रात्री दारातच थांबवते, ती माझ्या मते पहिली परीक्षा पास झाली.

मी काय बघितलं ते सांगते. कपड्यांचं कपाट. प्रत्येकीचे कपडे वेगळे, नावानिशी आहेत, की धुऊन आले की एकच ढीग आणि ज्याला जे बसेल ते? सामायिक ढीग असेल तिथे बाकी सगळंही सामायिकच असतं. दुसरं, पाळीच्या तारखा कोण लिहून ठेवतं आणि त्या दिवसांत मुलीला मदत कोण करतं. हे विचारल्यावर व्यवस्थापक पुरुष असो की बाई, चेहऱ्यावरून कळतं.

कागदवाला
दोघंही दुसऱ्या पायरीवर भांडताय. पहिली पायरी नोंदणी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ५०: नोंदणी प्रमाणपत्राशिवाय दिव्यांगांसाठी संस्था चालवताच येत नाही. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असलं पाहिजे. त्याच्यापुढे उभं राहून मुदत कधी संपते ते वाचा.

वकिली करताना वारंवार दिसतं ते असं: पालक विचारतात "नोंदणी आहे ना?", समोरचा धर्मादाय आयुक्तांकडची ट्रस्टची नोंदणी दाखवतो आणि पालक निर्धास्त होतात. ती नोंदणी ट्रस्टची. तिच्यावर उद्या कुणी मंगल कार्यालयही चालवेल. दिव्यांगांना ठेवून घेण्याची परवानगी वेगळी. मानसिक आजारांसाठीच्या केंद्रांची नोंदणी आणखी वेगळी, ती २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली होते. बौद्धिक दिव्यांग मुलाला अशा केंद्रात 'तात्पुरतं' ठेवणारे पालकही मला भेटतात.

आणि ठाणेकर, मुलगा १८ चा झाला त्या दिवसापासून तुम्ही कायद्याने आपोआप त्याचे पालक (गार्डियन) राहिलेले नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचं प्रमाणपत्र घेतलंय का? ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी ही सोय आहे. प्रवेशाच्या वेळी चांगली संस्था ते मागते. न मागणारीपासून जरा जपून.

सईची_आई
@कागदवाला, १९९४ साली शिरूरच्या वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं ससूनमध्ये काढली गेली. पाळीत स्वच्छता राखणं त्यांना जमत नाही, हे कारण दिलं होतं. महिला संघटना रस्त्यावर उतरल्या तेव्हा ते थांबलं. वसतिगृह सरकारीच होतं. कागद सगळे जागेवर असणार.

कागदवाला
तेव्हा १९९५ चा दिव्यांगांचा कायदासुद्धा झालेला नव्हता, २०१६ चा तर सोडाच. आणि प्रमाणपत्र म्हणजे चांगुलपणाची हमी, असं मी कुठे म्हटलं? बिघडलं तर तक्रार कुणाकडे करायची आणि नोंदणी कोण रद्द करू शकतं, एवढं त्यातून ठरतं. विनानोंदणी बंगल्यात चाललेल्या 'होम'बद्दल फक्त पोलीस ठाणं उरतं.

रात्रपाळी
मी विशेष शिक्षिका, निवासी संस्थेत काम केलेली. पालक थेरपी विचारतात, जेवणात काय विचारतात, हल्ली कॅमेऱ्याचं फुटेज मोबाईलवर मिळेल का विचारतात. (आंघोळीचं फुटेज मागणारे वडील पाहिलेत. मुलगी २० वर्षांची.) मावशींना पगार किती आणि तो वेळेवर होतो का, हे कुणी विचारत नाही.

सगळी गोम तिथे आहे. सकाळी सहाला मुलांना उठवणारी, आंघोळी घालणारी, भरवणारी बाई तीच रात्री 'ड्युटीवर' असते, कारण दुसरी बाई परवडत नाही किंवा टिकत नाही. ती झोपणारच, माणूस आहे. ठाणेकरांचा रात्रीचा प्रश्न बरोबर आहे, उपाय चुकीचा. छापा घालू नका. हजेरीपट बघायला मागा: दिवसपाळीची आणि रात्रपाळीची नावं वेगळी आहेत का. सगळ्यांत जुनी मावशी किती वर्षं आहे ते विचारा आणि चहाच्या वेळी तिच्याशी बोला. संचालकांसमोर नको.

स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. नंबर मागितला म्हणून राग येणारी व्यक्ती थेरपिस्ट नसण्याची शक्यता मोठी!

माटुंग्याचा_काका
एवढ्या चौकशा करण्यापेक्षा मुलाला घरी ठेवा. दिवसा जवळच्या कर्मशाळेत, म्हणजे मोठ्या दिव्यांग मुलांना काम शिकवतात तिथे पाठवा, रात्री आपल्या घरात. मागे सख्खा भाऊ असेलच. आपल्याकडे म्हातारे आणि अशी मुलं संस्थेत टाकायची पद्धत नव्हती.

सईची_आई
काका, सईला धाकटा भाऊ आहे. त्याला जन्मतःच नोकरीवर ठेवलेलं नाही आम्ही. आणि तुमच्या त्या पद्धतीत रात्रंदिवस करणारी एक वहिनी किंवा लग्न न झालेली आत्या असायची, तिला कुणी विचारलेलं नसायचं.

माटुंग्याचा_काका
राग आला वाटतं. पण कर्मशाळेचा मुद्दा राहतोच. आमच्या पुतण्याला तिथे मित्र आहेत, रिक्षावाला ओळखतो, कोपऱ्यावरचा वडेवाला ओळखतो. कर्जतच्या पुढे डोंगरात नेऊन ठेवलं की हे सगळं तुटतं. संस्था शहराबाहेर का असतात? जागा स्वस्त म्हणून. मुलांना डोंगर आवडतात म्हणून नव्हे.

रात्रपाळी
हे मात्र शंभर टक्के. आणि रात्रीचं हॉस्पिटल? ते किती दूर, गाडी कुठे उभी असते, चालक रात्री आवारात राहतो का.

मेलबर्नहून
इथल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या एनडीआयएस या सरकारी दिव्यांगत्व विमा योजनेबद्दल थोडं. पैसा संस्थेला जात नाही, व्यक्तीच्या नावाने प्लॅन मंजूर होतो. सेवा देणारे कोण ते तुम्ही निवडता, लेखी करार करता, पटलं नाही तर नोटीस देऊन दुसरीकडे जाता. नोंदणीकृत आणि बिगरनोंदणीकृत असे दोन्ही प्रकार आहेत, आणि त्यावरून इथल्या मराठी पालकांतही हाच वाद. बिगरनोंदणीकृत मुलगी मराठी बोलते, मुलाला वरणभात भरवते. नोंदणीकृत कंपनी दर आठवड्याला नवा माणूस पाठवते. निवडा काय निवडायचं ते.

इथेही सगळं आलबेल नाही. दिव्यांगांवरील हिंसा आणि दुर्लक्षाची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनचा अंतिम अहवाल २०२३ मध्ये आला. काही दिव्यांग मिळून राहतात अशी ग्रुप होम ठेवावीत की नाही यावर आयुक्तांतच एकमत झालं नाही. काहींनी १५ वर्षांत ती बंद करा असं सुचवलं.

ठाणेकर_बाबा
@मेलबर्नहून, तुमच्याकडे निवड चुकली तर पैसे तुमच्यासोबत निघतात. इथे डिपॉझिट भरलेलं असतं आणि बाहेर दुसऱ्या संस्थेची वेटिंग लिस्ट. म्हणूनच आत जाण्याआधी एवढी खात्री करावी लागते.

चाकांवर
मी स्वतः दिव्यांग आहे, व्हीलचेअर वापरतो. अख्खा धागा वाचला. चोवीस वर्षांच्या माणसाने कुठे राहायचं यावर बाबा, काका, वकील, शिक्षिका सगळे बोलले. त्याला काय हवंय? २०१६ च्याच कायद्याचं कलम ५ समाजात राहण्याचा हक्क देतं. कुणावर विशिष्ट ठिकाणी राहण्याची सक्ती होऊ नये, असं त्यात आहे. कागदवाल्यांनी ५० सांगितलं, ५ नाही.

कागदवाला
मान्य. पण कलम ५ मध्ये सरकारने 'प्रयत्न करावा' असं आहे. त्या प्रयत्नातून उभं राहिलेलं ठिकाण दाखवा, मी पहिला पक्षकार पाठवतो.

ठाणेकर_बाबा
@चाकांवर, तो मोजके शब्द बोलतो. 'तुला इथे राहायचंय का' याला तो प्रत्येक वेळी हो म्हणतो, समोर बिस्किट असेल तर नक्कीच. त्यामुळे त्याचं मत शब्दांतून नाही, वागण्यातून कळतं. आठ-पंधरा दिवस राहून बघण्याची सोय जिथे आहे तिथेच आता बोलणी करतोय. जेवतो का, झोपतो का, फिट्स वाढतात का, परत जायचं म्हटल्यावर चपला घालतो की पलंगाखाली शिरतो.

रात्रीबद्दल: सईच्या आईंचं ऐकून झोपायच्या खोल्यांचा हट्ट सोडला. जेवणघर आणि औषधांचं कपाट यावर मात्र ठाम आहे. रात्री आठला तिथपर्यंत जाता आलं पाहिजे, न कळवता.

सईची_आई
जेवणघरही त्यांचंच आहे. फोन करून या.

रात्रपाळी
फोन करून आलात तर त्या दिवशी पनीर असतं.