डब्ल्यूडब्ल्यूईच्या जॉन सीनाचा हील टर्न (स्टोरीत चांगल्या पैलवानाचं व्हिलन होणं) वाया का गेला? आणि तुमच्या मते पूर्ण जमलेला टर्न कोणता?

तिसरी_दोरी

सीनाची शेवटची मॅच होऊन गेली. १३ डिसेंबर २०२५, वॉशिंग्टन, गुंथरच्या स्लीपरमध्ये (मागून गळा आवळायची पकड) टॅप आऊट, म्हणजे हात आपटून हार मान्य, आणि नंतर स्टोरी ठरवणारा ट्रिपल एच आला तेव्हा पब्लिकने त्याला जे काही ऐकवलं ते सगळ्यांनी पाहिलंच असेल. पण मला त्या फिनिशवर बोलायचं नाहीये, माझं डोकं अजून १ मार्चलाच अडकलंय, टोरांटो, एलिमिनेशन चेंबरचा शो. चॅम्पियन कोडी रोड्स त्याचा आत्मा मागणाऱ्या रॉकला तोंडावर नाही म्हणतो, सीना त्याला मिठी मारतो, आणि कोडीच्या खांद्यावरून आपल्याला फक्त सीनाचा चेहरा दिसत राहतो, आधी खुश, मग रॉक गळ्यावरून हात फिरवून खूण करतो आणि तो चेहरा असा काही कोरा पडतो की लो ब्लो (कमरेखालचा फटका) बसायच्या आधीच कळतं आता काय होणार. मी जागच्या जागी उभा राहिलो होतो राव.

वीस वर्षं लोक मागत होते हा टर्न. आणि मिळाला तेव्हा पाच महिन्यांत गुंडाळला, समरस्लॅममधल्या मॅचच्या दोन दिवस आधी गडी परत चांगला. मधे १७ वं टायटल आलं, रेसलमेनिया ४१ चा मेन इव्हेंट आला, पण त्यातलं किती तुमच्या लक्षात राहिलंय? माझ्या तरी मिठीनंतरचं फार काही नाही राहिलं.

तर प्रश्न दोन. एक, हे फसलं कुठे? दोन, कुठला टर्न तुमच्या मते शंभर टक्के जमला, आणि का जमला? नुसतं नाव टाकून पळू नका प्लीज, कारण सांगा.

---

रिंगसाईड_जुना

फसलं कारण एकोणीस वर्षं उशिरा केलं. वन नाईट स्टँड २००६ काढून बघ, न्यूयॉर्कचा हॅमरस्टीन बॉलरूम, सीना विरुद्ध रॉब व्हॅन डॅम. सीना टी-शर्ट काढून पब्लिकमध्ये फेकतो आणि पब्लिक तो परत रिंगमध्ये फेकतं, तो पुन्हा फेकतो, ते पुन्हा परत पाठवतात. समोर कुणीतरी बोर्ड धरलाय, सीना जिंकला तर दंगल करू. त्या रात्री त्याने एकाला लो ब्लो मारला असता तर पुढची पाच वर्षं सोन्याची होती. नाहीतर २०११, मनी इन द बँक, शिकागो, सगळं स्टेडियम प्रतिस्पर्धी सीएम पंकच्या बाजूने पेटलेलं. तेव्हाही नाही केलं. टी-शर्ट विकले जात होते, लहान पोरं वेडी होती, आणि आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण करण्याचे ६५० च्या वर प्रसंग त्या माणसाने केलेत, कंपनीला ते चित्र मोडायचं नव्हतं. मला ते कारण पटतं, पण मग मोडायचं नाही तर शेवटपर्यंत मोडू नका ना. २०२५ मध्ये लोक तिकीट काढून त्याला थँक्यू म्हणायला येत होते. थँक्यू म्हणायला आलेल्या माणसाकडून शिव्या कशा काढून घेणार?

माझं मत वर्षानुवर्षं एकच आहे, टर्न आधी पब्लिकमध्ये होतो, मग रिंगमध्ये. हल्क होगन १९९६ मध्ये वाईट झाला तेव्हा लोकांना तो लाल-पिवळा होगन आधीच नकोसा झाला होता, म्हणून तर रँडी सॅव्हेजवर त्याचा लेग ड्रॉप (उडी मारून पायाचा फटका) पडल्यावर रिंग कचऱ्याने भरली. आणि सगळ्यात वरचा नंबर रेसलमेनिया १३, ब्रेट हार्ट आणि स्टीव्ह ऑस्टिन, १९९७. एका मॅचमध्ये दोघंही उलटले. ही मॅच नीट बघा, हायलाईट नको, पूर्ण. ब्रेट त्याआधीचे कित्येक आठवडे कुरकुर करत होता की माझ्यावर अन्याय होतोय, आणि लोकांना ते रडगाणं ऐकवेना. ऑस्टिन वाईट होता पण लोकांना आवडायला लागला होता. मग शार्पशूटर, ब्रेटची पाय पिळायची पकड, लागतो, ऑस्टिनचं कपाळ फुटलंय, रक्त दातांपर्यंत आलंय, तो दोन्ही हात टेकून अंग वर उचलतो, होल्ड जवळजवळ सुटतो, ब्रेट पुन्हा बसतो. ऑस्टिन टॅप करतच नाही. बेशुद्ध पडतो. केन शॅमरॉक रेफरी होता, तो मॅच थांबवतो. इथपर्यंत ब्रेट काही वाईट वागलेला नाही, मॅच नियमाने जिंकलाय! पण मग तो बेशुद्ध माणसाला परत मारायला जातो, शॅमरॉक त्याला खेचून बाजूला करतो आणि समोर उभा राहतो, तर ब्रेट मागे सरतो आणि निघून जातो. झालं. इकडे ऑस्टिन कुणाचा हात न घेता लंगडत स्वतःच्या पायांनी आत जातो. कुणी माईक घेतला नाही, कुणी काही समजावून सांगितलं नाही, आणि हजारो लोकांनी एकाच वेळी बाजू बदलली.

---

क्लोजलाईन_प्रेमी

जुने दादा, मॅचबद्दल एक अक्षर बोलणार नाही, ती आहेच तशी. पण तुमचा नियम मला पटत नाही. रोमन रेन्सचं काय मग? ऑगस्ट २०२०, समोर पब्लिकच नव्हतं, चौफेर स्क्रीन लावलेल्या, आवाज स्पीकरवरून. त्या रिकाम्या हॉलमध्ये तो मॅनेजर पॉल हेमनला शेजारी घेऊन बसला आणि तिथून पुढे १,३१६ दिवसांची राजवट झाली, थेट फिलाडेल्फियापर्यंत, रेसलमेनिया ४०. या शतकातला डब्ल्यूडब्ल्यूईचा सगळ्यात यशस्वी टर्न म्हणेन मी त्याला.

सीनाच्या बाबतीत टर्न चुकला नव्हता, टर्ननंतर काय करायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं. खूण केली रॉकने, आणि मग रॉक गायब. रेसलमेनियालासुद्धा नाही! ज्याच्यासाठी आत्मा विकला तो विकत घेणाराच स्टोरीत नाही, तर मग विकला कशासाठी? त्याच्या जागी रेसलमेनियाच्या शेवटच्या मॅचमध्ये कोण आलं तर ट्रॅव्हिस स्कॉट. तो चांगला गायक असेल, मला त्याच्याशी काही वाकडं नाही, पण वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मॅचच्या शेवटच्या मिनिटांत तो सावकाश चालत येतो आणि सगळं स्टेडियम थंड होतं, हे मी कधी विसरणार नाही. ब्रुसेल्सचा प्रोमो (माईकवरचं भाषण) मात्र परत बघा, १७ मार्च. सीना लोकांना सांगतो की तुम्ही वर्षानुवर्षं माझ्याशी कसे वागलात, मला तोंडावर शिव्या दिल्यात आणि वर मीच हसत राहायचं. त्यात दम होता कारण ते खरं होतं, तुम्ही वर सांगितलेला तो २००६ चा टी-शर्ट, त्याचाच हिशोब होता तो! तिथून पुढे चार महिने याच एका मुद्द्यावर चालवलं असतं तरी भागलं असतं. त्याऐवजी दर आठवड्याला तेच, मी टायटल घेऊन रिटायर होणार, कुस्ती बरबाद करणार. आणि मॅचेस मुद्दाम संथ ठेवल्या, हील आहे म्हणून. हील संथ चालेल हो, कंटाळवाणा नाही चालत.

---

रिंगसाईड_जुना

रोमन माझ्याच बाजूचा साक्षीदार आहे भावा. २०१५ पासून लोक त्याला घसा फुटेस्तोवर बू करत होते, २०२० मध्ये कंपनीने ते फक्त मान्य केलं. हॉल रिकामा होता, पण घरी बसलेला प्रत्येक माणूस पाच वर्षांपूर्वीच वळलेला होता. ट्रॅव्हिस स्कॉटबद्दल मात्र हात मिळवतो.

---

बेली_टू_बेल्ट्स

मुलींच्या मॅचेसचं नाव कुणी घेणार आहे का? बेलीचा टर्न, ऑक्टोबर २०१९. ही ती मुलगी होती जिच्या एंट्रीला हवेचे उंच पुतळे नाचायचे, जी पहिल्या रांगेतल्या पोरांना मिठ्या मारत रिंगपर्यंत यायची. एक दिवस केस कापून आली, ते पुतळे स्वतःच्या हाताने फाडले, शार्लटला हरवून टायटल घेतलं आणि मग ३८० दिवस सोडलं नाही. तिच्या बाबतीत पब्लिक आधी वळलेलं नव्हतं हं, जुने काका. लोकांना ती थोडी शिळी वाटायला लागली होती एवढंच, तिरस्कार कुणीच करत नव्हतं. मग का जमलं? कारण तिने आधीचं जे जे लोकांना आवडायचं ते एकेक करून काढून घेतलं. मिठ्या बंद. पुतळे गेले. वेणी गेली. आणि नंतर साशा बँक्सशी असलेली मैत्री, तीसुद्धा टायटल राखायला वापरून टाकली, सप्टेंबर २०२० मध्ये जखमी साशाच्या गळ्यात खुर्ची अडकवली तेव्हा हॉलमध्ये माणूस नव्हता आणि तरी मला बघवेना. ब्रुकलिनची २०१५ ची त्यांची मॅच ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल मी काय म्हणतेय, पाच वर्षांची मैत्री होती ती आपल्यासमोर घडलेली.

सीनाने काय काढून घेतलं आपल्याकडून? शॉर्ट तीच, टोपी तीच, चाल तीच. बोलणं बदललं फक्त. होगनने निदान काळे कपडे तरी घातले.

---

तिसरी_दोरी

बेलीताई, हे एकदम बरोबर पकडलंत, हरवण्यासारखं काहीतरी लोकांच्या हातात असायला हवं आणि ते डोळ्यांदेखत जायला हवं. याच हिशोबाने मला सॅमी झेन आठवतो, उलट्या दिशेचा टर्न, वाईटाकडून चांगल्याकडे. रॉयल रंबल २०२३, सॅन अँटोनिओ. केव्हिन ओवेन्सचे हात दोरीला बेड्यांनी बांधलेत, रोमन सॅमीच्या हातात खुर्ची देतो, मार म्हणतो. सॅमी खुर्ची घेऊन उभा आणि त्याला काय वाटतंय ते सगळं चेहऱ्यावर दिसतंय, एकीकडे रोमनच्या ज्या गटात जागा मिळवायला महिनोन् महिने धडपडला ते घर, दुसरीकडे जुना मित्र केव्हिन. शेवटी खुर्ची रोमनच्या पाठीत बसते. पण मला त्याहून भारी वाटतो तो रोमनच्याच गटातला जे उसो. बाकीचे सॅमीला तुडवत असतात आणि जे उसो हात न लावता रिंगमधून निघून जातो, एक शब्द नाही. जे उसो आधी सॅमीच्या सगळ्यात विरोधात होता हे लक्षात ठेवून बघितलं की ते चालत जाणं काय ताकदीचं आहे ते कळतं.

---

मधली_दोरी

डब्ल्यूडब्ल्यूईच्या बाहेर पण जग आहे मंडळी 🙏 एईडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीचा हँगमन पेज बघा. २०२१ ला केनी ओमेगाला हरवून चॅम्पियन झालेला, सगळ्यांचा लाडका. मग स्वर्व्ह स्ट्रिकलंड त्याच्या घरात घुसला, बाळाच्या पाळण्यापर्यंत गेला, आणि हँगमन हळूहळू बिघडत गेला, नोव्हेंबर २०२३ च्या टेक्सास डेथ मॅचमध्ये तर त्याने स्वर्व्हचं रक्त तोंडात घेतलं, पुढच्या वर्षी त्याचं लहानपणचं घर जाळलं. हे वाचायला भडक वाटेल पण गंमत बघा, पाळण्यापर्यंत जाणारा स्वर्व्ह लोकांचा हिरो झाला आणि बाप असलेला हँगमन व्हिलन. कुणी एका रात्रीत काही उलटवलं नाही. मग जुलै २०२५, ऑल इन टेक्सास, चॅम्पियन जॉन मॉक्सलीविरुद्ध मॅच अडकलेली असताना त्याच्या मदतीला कोण येतं तर स्वर्व्ह. तेव्हा मला रडू आवरलं नाही, खरं सांगतो. दोन वर्षं बघितलं त्याचं ते फळ होतं. सीनाला मुळात दोन वर्षं नव्हतीच, निरोपाचं एकच वर्ष होतं आणि त्यातही तारखा मोजक्या. तेवढ्यात टर्न, टायटल, पश्चात्ताप आणि निरोप, सगळं बसतच नाही.

---

क्लोजलाईन_प्रेमी

वेळेचा मुद्दा मान्य. आणि म्हणूनच पर्थची एजे स्टाईल्सबरोबरची मॅच बघून जास्त वाईट वाटतं, ऑक्टोबरमध्ये झाली ती. दोघं जुन्या प्रतिस्पर्ध्यांच्या मूव्हज एकमेकांवर मारतायत, लोक प्रत्येक मूव्ह ओळखून ओरडतायत, हे वर्षभर मिळू शकलं असतं आपल्याला.

बाकी टॅप आऊटबद्दल एवढंच बोलतो, कुणीच बोललं नाही म्हणून. मला तो फिनिश आवडला. कधी हार मानू नका असं वीस वर्षं टी-शर्टवर छापणारा माणूस स्लीपरमध्ये अडकलाय, सुटायचा प्रयत्न करून झालाय, आणि टॅप करायच्या आधी तो हसतो. ते हसू नसतं तर मीही बू करणाऱ्यांत असतो. आणि गुंथरला त्या रात्रीनंतर जी शिवीगाळ मिळतेय ती खरी आहे, सीनाला मार्चमध्ये मिळाली त्याच्या दसपट खरी.

---

बेली_टू_बेल्ट्स

टॅपला माझा अजूनही विरोध आहे, बेशुद्ध पडला असता ऑस्टिनसारखा तरी गुंथरचा दबदबा राहिलाच असता. पण हसू होतं हे खरं.

आता पुढचा टर्न कुणाचा हे बोलूया का? माझं मत रे मिस्टेरियोचा मुलगा डॉमिनिक. सप्टेंबर २०२२ ला कार्डिफमध्ये एज या पैलवानाला लाथ घातली, बापाला क्लोजलाईन (गळ्यावर आडव्या हाताचा फटका) मारली, आणि त्यानंतर कितीतरी महिने त्याला माईकवर एक वाक्य पूर्ण बोलू दिलं नाही लोकांनी, तो तोंड उघडायचा आणि आवाजात बुडून जायचा. आता तेच लोक त्याच्या एंट्रीला नाचतात. अजूनही तो चोरूनच जिंकतो, बापाचा अपमान तसाच करतो, काहीही सुधारलेला नाही.

---

रिंगसाईड_जुना

बघा, पब्लिक आधी वळलं की नाही! 😄 पण कंपनीने आता घाई करू नये. त्याला चांगला करायला जाल तर पहिल्या आठवड्यात बापाशी समेट लावतील, मिठी, अश्रू, आणि सहा महिन्यांत लोक कंटाळतील. रे अजून रिंगमध्ये उतरतोय तोवर डॉमिनिकने लबाडच राहायला हवं, लोकांनी कितीही टाळ्या वाजवल्या तरी.