डब्लिनजवळची जुनी दफनभूमी: ग्लासनेव्हिन की ग्लेन्डलॉख?

निवांत_काका
लेक डब्लिनला नोकरीला आहे. ऑगस्टमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे राहायला चाललोय. समुद्रकडे, किल्ले वगैरे तिने आधीच ठरवून ठेवलंय. माझी फर्माईश एकच: एखादी जुनी आयरिश दफनभूमी सावकाश बघायची. सौ.चं म्हणणं, "एवढं तिकीट काढून मसणात कशाला?" लेक ऑफिसात, म्हणजे गाडी नाही. गुडघे कुरकुरतात. हाताशी एक दिवस आहे. कुठे जावं? आणि तिथे वागायच्या काही रीती आहेत का?

लिफीकाठची
काका, बिनधास्त ग्लासनेव्हिन. शहरातच आहे, सिटी बसने जाता येतं. आवारात फिरायला पैसे नाहीत, तिकीट संग्रहालयाला आणि गाइडेड टूरला. पण टूर घ्याच. नुसते हिंडलात तर क्रूस बघून दमाल. १८३२ पासून आजवर सुमारे १५ लाख माणसं तिथे पुरली आहेत, म्हणजे डब्लिन शहरात आज राहतात त्याच्या दुपटीहून जास्त.

ही जागा मुळात झाली कशी, ते आधी वाचून जा. कॅथलिकांना स्वतःची दफनभूमीच नव्हती, प्रॉटेस्टंट चर्चच्या आवारात पुरावं लागायचं. १८२३ मध्ये एका दफनाच्या वेळी कॅथलिक पाद्री प्रार्थना म्हणायला लागले, तर तिथल्या चर्चच्या माणसाने त्यांना अडवलं. लोक खवळले. कॅथलिकांच्या हक्कांसाठी लढणारे पुढारी डॅनियल ओकॉनेल यांनी ते प्रकरण हातात घेतलं आणि त्यातून आधी गोल्डनब्रिज (१८२९), मग ग्लासनेव्हिन उभं राहिलं. नियम पहिल्यापासून असा की कुठल्याही धर्माचा, किंवा कुठलाच धर्म न मानणारा, इथे चालेल. पहिलं दफन अकरा वर्षांच्या मायकेल केरी नावाच्या मुलाचं.

शंकासुर
एक दिवस, तोही ऑगस्टमधला, आणि तुम्ही माणसाला शहरी दफनभूमीत पाठवताय? ग्लेन्डलॉखला जा हो. विकलोच्या डोंगरात दोन तळी, सहाव्या शतकातल्या सेंट केविनचा मठ, मधोमध तीसेक मीटर उंच दगडी मनोरा. त्याचं दार जमिनीपासून साडेतीन मीटरवर आहे, शिडी लावल्याशिवाय आत जाता येत नसे. भोवती कललेल्या, अक्षरं पुसलेल्या शिळा, त्यांच्यातच अलीकडच्या कबरीही. काकांना जुनं बघायचंय ना? ग्लासनेव्हिन तर परवाचं.

लिफीकाठची
देखणं आहे, वादच नाही. पण बिनगाडीचं जायचं तर डब्लिनहून खाजगी बस, तिच्या फेऱ्या मोजक्या, आणि शिळांमधली जमीन उंचसखल. पावसात ते गवत फार निसरडं होतं. गुडघ्यांचं काय?

शंकासुर
गुडघ्यांपुढे माघार. पण लेकीला एका रविवारी गाडी भाड्याने घ्यायला लावा आणि सकाळी लवकर पोचा. अकरानंतर पर्यटकांच्या बसगाड्या येतात आणि मनोऱ्यापाशी नुसती जत्रा.

भटकभवानी
ग्लासनेव्हिनलाच माझं मत, पण टूरवाले घाईत पुढे नेतात त्या दोन-तीन जागांसाठी.

एक, ओकॉनेल यांचा मनोरा, ५५ मीटर. त्यांचं निधन १८४७ मध्ये जेनोआला झालं, हृदय रोमला पाठवलं आणि देह डब्लिनला आला. खाली तळघरात शवपेटी आहे. भोवतीच्या दगडाला भोकं ठेवली आहेत, लोक त्यातून हात घालून पेटीला स्पर्श करतात, नशीब उजळतं म्हणे. आतल्या लाकडाचा भाग हात लागून लागून गुळगुळीत झालाय. वर जायला १९८ पायऱ्या आहेत. १९७१ मध्ये बॉम्बस्फोटात जिना उद्ध्वस्त झाला, तो २०१८ मध्ये पुन्हा खुला केला. काका, तुम्ही खालीच थांबा, काकूंना वर पाठवा. वरून समुद्र आणि विकलोचे डोंगर दिसतात, मग त्या मसण म्हणणार नाहीत.

दोन, पार्नेल, आयर्लंडच्या होमरूलचा, म्हणजे स्वराज्याचा, पुढारी. एवढा मोठा नेता, आणि कबरीवर ओबडधोबड ग्रॅनाइटचा धोंडा, त्यावर फक्त आडनाव. भोवतीच्या नक्षीदार क्रूसांपेक्षा मला तोच आवडला.

तीन, मायकेल कॉलिन्स, आयरिश स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी. यादवी युद्धात २२ ऑगस्ट १९२२ ला वयाच्या ३१ व्या वर्षी मारला गेला. त्याच्या कबरीवर मी ताजी फुलं नसलेली पाहिलीच नाही. विरुद्ध गटाचे डे व्हॅलेरा ९२ वर्षं जगले, राष्ट्राध्यक्ष झाले, आणि त्याच आवारात आहेत. त्यांची कबर इतकी साधी की शोधावी लागते.

उंच भिंती आणि कोपऱ्यांवरचे टेहळणी बुरूजही बघा. वैद्यकीय शाळांना विकायला प्रेतं उकरून नेणाऱ्यांसाठी रात्रीचा पहारा असे.

केसरीवाचक
इतिहासाची आवड असेल तर एक योगायोग सांगतो. डब्लिनमधला ब्रिटिश राजवटीविरुद्धचा ईस्टरचा उठाव २४ ते २९ एप्रिल १९१६. त्याच आठवड्यात, २८ एप्रिलला, टिळकांनी बेळगावात होमरूल लीग स्थापन केली. होमरूल ही मागणी मुळात आयर्लंडची, पार्नेलच्या पक्षाची. म्हणजे त्या धोंड्यापुढे उभं राहण्यात मराठी माणसाला परकं वाटायचं कारण नाही.

निवांत_काका
वा! हे सौ.ला वाचून दाखवलं. आता प्रश्न तिचा: तिच्यासाठी जवळपास काही आहे का?

लिफीकाठची
भिंतीला लागून नॅशनल बोटॅनिक गार्डन्स, १७९५ ची, प्रवेश फुकट. काचेची जुनी हरितगृहं अप्रतिम आहेत. काकूंना तिथे सोडा आणि तुम्ही इकडे या. ही बागही तुमच्या विषयाबाहेरची नाही म्हणा. बटाट्यावरचा करपा ऑगस्ट १८४५ मध्ये याच बागेत तिथले क्युरेटर डेव्हिड मूर यांनी नोंदवला. त्यानंतरच्या दुष्काळात देशभर सुमारे दहा लाख माणसं गेली.

रीती साध्या. कबरीवर पाय देऊ नका, शिळेला टेकून फोटो नकोत, अक्षरं वाचायला शेवाळ खरवडू नका. आजही तिथे दफनं होतात. अंत्ययात्रा आली तर कडेला थांबा, कॅमेरा खाली. बूट रबरी तळव्याचे घाला, छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री उलटी करतो.

भटकभवानी
जुन्या फाटकाबाहेर जॉन कॅव्हनाचा पब आहे, १८३३ पासूनचा. सगळे त्याला 'ग्रेव्हडिगर्स'च म्हणतात. टीव्ही नाही, गाणी नाहीत. कबरी खणणारे भिंतीवर टकटक करून पेला मागवत, अशी दंतकथा. तुम्ही शाकाहारी असाल तर तिथला प्रसिद्ध कॉडल मागवू नका, त्यात सॉसेज आणि बेकन असतं.

निवांत_काका
ठरलं. मंगळवार, ग्लासनेव्हिन, सकाळची टूर. सौ. बागेत. दुपारी दोघं पबात, पण परतल्यावर मला आंघोळ करावी लागेल असं आत्ताच बजावलंय.

शंकासुर
ऑगस्टमधला डब्लिनचा पाऊस ते काम वाटेतच उरकेल. रविवारची गाडी विसरू नका.