उधारी दोन हंगामांत तोडायची आहे, पोटाला चिमटा नेमका कुठे घ्यायचा?

काळीमाती:
यवतमाळ जिल्हा, पाच एकर कोरडवाहू. तीन एकर सोयाबीन-तूर, दोन एकर पऱ्हाटी (कापूस). बी, खत, फवारणी सगळं उधारीवर, म्हणून माल दुकानदाराच्याच काट्यावर, तो म्हणेल त्या भावात. दोन वर्षं ओढून धरायची घरच्यांची तयारी आहे. सुरुवात कुठून करावी?

तिफन:
भाऊ, आधी उधारीचा खरा भाव काढा. जूनमध्ये रोखीनं ४०,०००चा माल आणि नोव्हेंबरात चुकता करताना ४४,००० होत असतील, तर पाच महिन्यांचे दहा टक्के, म्हणजे वर्षाचे चोवीस. व्याज हा शब्द कोणी काढत नाही, पोत्यामागे भाव चढतो. म्हणून पक्कं बिल मागा.

सगळी उधारी एकदम तोडू नका. पहिल्या वर्षी फक्त सोयाबीनचं बी सोडवा. हे पीक स्वपरागीभवनाचं, म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग लागतात, घरचं बी दोन-तीन वर्षं चालतं. सलग पेऱ्याला एकरी ३० किलो, म्हणजे तीन एकराला ९०. चाळणीत गळणार, उगवण कमी भरणार, म्हणून दीड क्विंटल राखा. दिवाळीच्या खर्चात याच पोत्यांवर डोळा जातो, तेवढं सांभाळा. पऱ्हाटीचं बी संकरित, सरकी राखून फायदा नाही. एकरी ४७५ ग्रॅमची दोन पाकिटं लागतात, त्याचे पैसे तुरीच्या चुकाऱ्यातून त्याच दिवशी वेगळे काढा.

पैनगंगा:
राखलेलं बी हमखास मळणीत मरतं. सोयाबीनचं साल पातळ, अंकुर लगेच खाली. धान्य वाळलेलं असेल तर मळणीयंत्राच्या ड्रमचे फेरे मिनिटाला ३०० ते ४००च ठेवा. सुडीवर (कापून रचलेल्या पिकावर) पाऊस पडला असेल तर तो ढीग बियाण्याला नकोच. पोती लाकडी फळ्यांवर, चारपेक्षा जास्त थर नाही, आणि आपटायची नाहीत.

मे महिन्यात ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडा, गुंडाळी करा, रोज पाणी शिंपडा, सातव्या दिवशी मोजा. ७० उगवले तर ३० किलोच पेरा, ६५ उगवले तर साडेबत्तीस. ६०च्या खाली असेल तर ते धान्य म्हणून विका आणि दुसरं बी आणा. पेरताना आधी बुरशीनाशक, मग रायझोबियम (जिवाणू खत). आणि ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची तिफन बाहेर काढू नका. दुबार पेरणी झाली की पुन्हा त्याच दुकानाची पायरी.

शेतमाल:
बी सुटलं तरी ऑक्टोबरात पैशाची गरज उरतेच. बाजार समितीची शेतमाल तारण योजना बघा: सोयाबीन-तूर गोदामात ठेवली की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, ६ टक्के व्याज, सहा महिने मुदत. कापूस यात नाही. सगळ्या समित्या राबवत नाहीत, आधी चौकशी करा.

खतासाठी गावच्या सहकारी सोसायटीचं पीक कर्ज घ्या. ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्य. कर्जमाफीची वाट बघत खातं थकवलं तर जूनमध्ये नवं कर्ज नाही, मंग उधारीच.

काळीमाती:
मळणीवाला भाड्याचा. फेरे मोजायचे कसे?

पैनगंगा:
मोजत बसू नका. पहिलं अर्धं पोतं निघालं की थांबवा, मूठभर दाणे तळहातावर पसरा. डाळ झालेले, साल तडकलेले सहज दिसत असतील तर वेग उतरवायला सांगा. तो घाई करेल, तासावर पैसे असतात. बियाण्याचा ढीग शेवटी लावा आणि भाव आधीच ठरवा.