जुन्या कॅम्पेन्सचा वृत्तान्त लिहायचा आहे. सुरुवात कोठून करावी?

राजारामपुरीकर:
'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती बसून, व्यक्तिरेखा घेऊन फाशांनी खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती 2014 मध्ये आली, त्यानंतर थोड्याच काळात कोल्हापुरात आमचा गट जमला आणि निम्मी मंडळी नोकरीनिमित्त पुण्या-बंगळूरला पांगली तरी तो अद्याप टिकून आहे. आजवरच्या सर्व कॅम्पेन्सचा, म्हणजे अनेक बैठकांत खेळलेल्या कथांचा, सलग वृत्तान्त लिहून काढावा असे ठरले आणि डीएम (डंजन मास्टर, म्हणजे कथा चालवणारा) या नात्याने ते काम माझ्या गळ्यात पडले. माझ्या वह्या शाबूत आहेत. परंतु त्यांत मी काय योजले होते तेवढेच आहे, टेबलावर काय घडले ते जवळजवळ नाहीच. ज्या खलनायकासाठी मी पानेच्या पाने खर्ची घातली, त्याला खेळाडूंनी पहिल्याच भेटीत लाच देऊन वाटेला लावले होते, आणि त्याबद्दल वहीत अवाक्षरही नाही. असे काम कोणी केले असल्यास कृपया मार्गदर्शन करावे.

फासेबहाद्दर:
वह्या तूर्त बाजूला ठेवा आणि प्रत्येकाकडून जुन्या कॅरेक्टर शीट्स (व्यक्तिरेखेच्या नोंदींचे कागद) मागवा. हिट पॉइंट्सच्या, म्हणजे अजून किती मार सोसता येईल त्या आकड्याच्या, चौकटीत खोडून खोडून कागद जेथे विरळ झालेला दिसेल, ती व्यक्तिरेखा पुढच्या फळीत लढत होती हे कोणी सांगावे लागत नाही. आणि सामानाच्या यादीत शेवटपर्यंत न वापरलेली औषधाची कुपी आढळली, तर त्या खेळाडूचा स्वभावही कळतो. दुसरे असे की आठवणी प्रत्येकाला स्वतंत्रपणे विचारा. सर्वांना एकत्र बसवले की ज्याचा आवाज मोठा, त्याचीच हकिगत खरी ठरते.

अंबरखान्याचा कारकून:
मी याच गटातला, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहितो. तुझ्या यादीत पन्हाळ्याची कॅम्पेन 'अपूर्ण' या शेऱ्याखाली आहे, ते मला मान्य नाही. मार्च ते जुलै 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा, त्यातून महाराजांचे निसटणे आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिलेली झुंज हे कोल्हापूरच्या पोरासोरांनाही पाठ असल्यामुळे पुढे काय होणार याची उत्सुकता उरणार नाही, ही तुझी भीती रास्तच होती. म्हणून तर तू आम्हांला वीर न बनवता गडावरच राहिलेली माणसे बनवलेस. गंगा, यमुना आणि सरस्वती या कोठारांतील धान्य कोणाला किती द्यायचे, एवढ्या एका प्रश्नावर आम्ही संपूर्ण सेशन भांडलो आणि तलवार एकदाही उपसली नाही. अंधारबावडी या गडावरच्या विहिरीतून बाहेर पडण्याची वाट ठाऊक असलेल्या पहारेकऱ्याने ती कोणालाच सांगितली नाही, तेव्हा टेबलावर जी शांतता पसरली, ती तुझ्या कोणत्याही ड्रॅगनला साधलेली नाही. शेवटची लढाई झाली नाही म्हणून कॅम्पेन अपूर्ण ठरत नाही.

वीसबाजू:
आठवणींतील फाशांवर मात्र विश्वास ठेवू नका. वीस बाजूंच्या फाशावर 20 पडण्याची शक्यता 5 टक्के, आणि ॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा) असले तरी 9.75 टक्केच; तरीही जुन्या गोष्टी सांगताना प्रत्येकाला 20 च पडलेले असतात. शिवाय 2014 च्या नियमांत 20 पडल्यावर आपोआप यश मिळते ते हल्ल्याच्या फाशाला. कुलूप उघडण्यास वा कोणाचे मन वळवण्यास ती सवलत नाही. अनेक गट ती घरच्या नियमाने देतात. तुमच्याकडे काय चालत असे ते वृत्तान्ताच्या आरंभीच नमूद करा, अन्यथा नव्या वाचकाला निम्मे प्रसंग अशक्य वाटतील.

राजारामपुरीकर:
सर्वांचे आभार. आमच्याकडे ती सवलत कुलपांनाही होती, त्यामुळे तशी टीप देणे भागच आहे. कारकूनसाहेब, शेरा खोडतो. मात्र धान्यवाटपाचा तो हिशेबाचा कागद तुझ्याकडेच असणार, त्याचे छायाचित्र पाठव. पहिले प्रकरण पन्हाळ्याचेच घेतो.